पिल्लू, गजकर्ण आणि ती ट्यूब

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर ‘मांजराचं पिल्लू आणि त्वचेचे संसर्ग’ असा भारदस्त विषय छापलाय. तो मी घेणार आहे. पण त्याआधी मला एका ट्यूबबद्दल बोलायचंय, आणि ज्यांनी मला पूर्वी ऐकलंय ते आत्तापासूनच घड्याळाकडे बघतायत.

पिल्लू घरी आणल्यावर ज्यांच्या घरात कुणाला तरी गोल, लालसर, खाजरा चट्टा उठला, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता त्यातल्या ज्यांनी कपाटात पडलेलं मलम लावून बघितलं, त्यांनी हात वरच ठेवा. पटापट खाली गेले! डॉक्टरसमोर सगळेच साधू असतात.

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. मानेवर, जबड्याच्या खाली, चट्टा. चट्टा कसला, नकाशाच. कड धड दिसेना, मध्ये बारीक फोड, कातडी पातळ होऊन चकाकलेली. विचारलं, काय लावलंत? ‘काही नाही हो, साधं मलम.’ साधं म्हणजे कुठलं? तर जाऊबाईंनी दिलेलं. जाऊबाईंच्या मुलाची खाज त्याने दोन दिवसांत गेली होती म्हणे. बाईंचीही गेली. तिसऱ्या दिवशी लाली उतरली, बाई खूश. मलम थांबवलं की खाज दुप्पट, म्हणून परत मलम. असे दोन महिने.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि जोडीला एक जबरदस्त स्टेरॉइड. हे त्रिकूट माझं जुनं दुखणं आहे. गजकर्णाची बुरशी केराटिनवर जगते, म्हणजे केस, नखं आणि कातडीचा वरचा मृत थर. लाली, खाज, ती उठावदार कड हा सगळा आपल्या शरीराने केलेला प्रतिकार असतो. बुरशी बाहेरच्या दिशेने सरकते, मधली कातडी निवळत जाते, म्हणून गोल दिसतं. स्टेरॉइड हा प्रतिकारच दाबून टाकतं. लाली जाते, बुरशी निवांत पसरते, आणि कड पुसली गेल्याने पुढच्या डॉक्टरलाही ओळखू येत नाही. आमच्या पुस्तकांत याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं छान नाव आहे. नाव छान, प्रकरण वाईट.

मी विचारलं, घरात मांजर? ‘पिल्लू आहे, पण अगदी निरोगी हो. रात्री माझ्या मानेशीच झोपतं.’ आता घ्या!

दुसऱ्या दिवशी बाई ते पिल्लू टोपलीत घालून घेऊन आल्या. पशुवैद्याकडे न्यायचं सोडून माझ्याकडे. पण मांजर समोर आल्यावर मला नाही म्हणता येत नाही. दिसायला गोंडस, अंगाने गुबगुबीत. फक्त डाव्या कानाच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी जागा बिनकेसांची, वर राखाडी कोंडा, आणि कडेचे केस मुळाशी तुटलेले. खोली अंधारी केली आणि वुड्स लॅम्प धरला. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाच्या काचेतून गाळलेला अतिनील प्रकाश. 1925 पासून केसांतली बुरशी शोधायला वापरतात. कानावरचे केस मुळापासून हिरवेगार चमकले. बाई म्हणाल्या, ‘अय्या, किती सुंदर!’ तेवढ्यात त्यांच्या पदरावरचा एक धागाही निळसर चमकला आणि त्या किंचाळल्या. धागे, कोंडा, मलम हेही चमकतात, पण हिरवा केस वेगळा. आणि केस चमकले नाहीत म्हणून बुरशी नाहीच, असंही नाही. पशुवैद्य मग कोरा टूथब्रश अंगभर फिरवून ते केस कल्चरला लावतात, म्हणजे त्यांवर बुरशी वाढते का ते प्रयोगशाळेत बघतात. कोरा म्हणतोय मी. घरातल्या कुणाचा नको.

ही बुरशी म्हणजे मायक्रोस्पोरम कॅनिस. नाव कुत्र्याचं, मुक्काम मुख्यतः मांजराकडे. पिल्लांना जास्त, कारण प्रतिकारशक्ती कच्ची आणि अंग चाटून साफ करणंही अजून नीट जमलेलं नसतं. आणि कित्येक मांजरांच्या अंगावर काहीच दिसत नाही. नुसत्या केसांवरून वाहून नेतात.

बाईंच्या सासूबाईंचा निकाल तयार होता: सोडून या कुठेतरी. म्हणजे बुरशी दुसऱ्याच्या घरी पाठवा. शिवाय पिल्लू गेलं तरी सतरंजीवरचे केस घरातच राहतात, आणि त्यांवरचे बीजाणू अनुकूल जागी वर्षभराहून अधिक टिकतात. तेव्हा पिल्लू, माणसं आणि घर, तिन्हींचे उपचार एकाच वेळी करायचे. पिल्लाला पोटातून औषध आणि अंगाला लावायचं, पशुवैद्य सांगेल तितके आठवडे. माणसाला साधं, स्टेरॉइड नसलेलं बुरशीचं मलम, डाग गेल्यावरही आठवडा-दोन आठवडे. लहान मुलाच्या डोक्यात गोल टक्कल पडलं, तर ‘चाई’ म्हणून घरगुती उपाय करत बसू नका. केसांच्या मुळातल्या बुरशीला वरचं मलम पोचत नाही, गोळ्याच लागतात. आणि घरातले केस रोज उचला. झाडू कमी, व्हॅक्युम आणि ओलं फडकं जास्त.

आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि खरा विषय तर अजून राहिलाय! बरं, पटापट.

पिसवा. घोट्याभोवती खाजऱ्या पुटकुळ्यांचा पुंजका. पिल्लाला फणी करा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एक महत्त्वाचं: कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, जीव जातो.

चेलेटिएला नावाचा एक किडा आहे. कोंडा चालताना दिसतो, खरंच चालतो. पिल्लू मांडीवर घेणाऱ्यांच्या पोटावर, हातांवर पुरळ येतं. पिल्लाचे उपचार झाले की आपोआप जातं. मांजराच्या खरजेचंही बहुधा तसंच.

ओरखडा. पिसवांच्या विष्ठेतला बार्टोनेला जंतू नखाला लागतो. आठवड्याभरात तिथे फोड, आणि नंतर काखेत किंवा मानेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ. बहुतेकांचं आपसूक उतरतं, पण ताप असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर वाट बघू नका.

चावा सगळ्यांत फसवा. दात बारीक, भोक लगेच मिटतं, जंतू आत. पाश्चुरेला हा मांजराच्या तोंडातला जंतू असेल तर चोवीस तासांच्या आत हात टरारून सुजतो. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजच्या लशीचा निर्णयही तेव्हाच. पिल्लू आहे, एवढंसं आहे, ही सबब रेबीजला चालत नाही.

हां, मागून कुणीतरी विचारतंय, पिल्लाचे सगळे केस भादरून टाकले तर? शक्यतो नको. यंत्राने कातडीला बारीक जखमा होतात, त्यातून बुरशी पसरते, आणि उडालेले केस तुम्हालाच घरभर वेचावे लागतात. लांब केसांचं असेल आणि पशुवैद्याने सांगितलं, तर त्याच्याकडूनच कापून घ्या.