माफी मिळाली नाही तर?

नमस्कार श्रोतेहो. लहानपणी हातून गुन्हा घडतो आणि तो मनात घेऊनच मूल मोठं होतं, हा विषय कुमारवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतो. मला तो फार मोलाचा वाटतो. म्हणूनच शेवटाशी येऊन लेखक कच खातो, तेव्हा वाईट वाटतं.

समजा, मित्रांपुढे शेखी मिरवायला १० वर्षांच्या मुलाने पुलावरून दगड टाकला आणि खालून जाणाऱ्या एका मुलीचा जीव गेला. सात वर्षांनी तो नोकरीचा अर्ज भरतोय. 'पूर्वी शिक्षा झाली आहे का?' या रकान्यात तो 'नाही' लिहितो. बालपणीची नोंद बंद झाली असेल, तर काही देशांत कायद्याने ते उत्तर चालतंही. पण तो तेवढा एकच शब्द पुन्हा पुन्हा गिरवत बसतो. अशा जागी कादंबरी खरी बोलते.

कायद्याची रेघ देशागणिक वेगळी. इंग्लंडमध्ये १० व्या वर्षापासून मुलाला गुन्ह्यासाठी जबाबदार धरतात. स्कॉटलंडने २०१९ च्या कायद्याने हे वय ८ वरून १२ वर नेलं. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती किमान १४ असावं म्हणते. म्हणजे ११ वर्षांचं मूल सीमेच्या एका बाजूला आरोपी ठरतं, दुसऱ्या बाजूला नाही. आतली बोच मात्र दोन्हीकडे तीच.

आणि मग शेवटचं प्रकरण. गेलेल्या मुलीची आई दार उघडते, रडते, त्याला जवळ घेते. मला हे पटत नाही, रागही येतो. जिचं लेकरू गेलं, तिलाच त्याचं ओझं उतरवायच्या कामाला जुंपायचं?

१९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली होती. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणाऱ्याच्या, सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना त्या लोकांच्या दारी पाठवलं. जायचं, 'हे आम्हीच केलं' म्हणायचं, नुकसान किती झालं ते विचारायचं आणि पुढे पैसे भरून द्यायचे. गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर बसवण्याची जी पद्धत नंतर अनेक देशांत गेली, तिची सुरुवात बरेच जण इथून मानतात.

यात दार वाजवणं एवढंच त्या तरुणांच्या हातात होतं. आतून काय ऐकू येईल, ते नाही. फुटलेल्या काचेचे पैसे तरी भरता येतात. जीव गेला असेल, तर तेही नाही. मग आईने दार लावून घेतल्यावर तो मुलगा उद्या सकाळी उठून काय करतो, कुणाला खरं सांगतो, कुठलं काम अंगावर घेतो, हे लिहायला खरी हिंमत लागते. ते लिहिणारे लेखक मला हवे आहेत.

तुमच्या घरातलं चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असं पुस्तक वाचत असेल, तर त्या मुलाबद्दल जरूर बोला. आणि एवढंही विचारा: त्या गेलेल्या मुलीबद्दल पुस्तकात काय काय सांगितलंय?