संमतीपत्रावर सही होते त्या दिवसापासून

श्रोतेहो, नमस्कार. नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांतून कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईची वाट धरणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. परळचे टाटा हॉस्पिटल आणि खारघरचे त्याचेच संशोधन केंद्र, म्हणजे ॲक्ट्रेक, ही नावे आपल्याकडे आता खेडोपाडी ठाऊक झाली आहेत. नेहमीचे उपचार संपत आले की यांतल्या काही मोजक्या रुग्णांपुढे एक वेगळा प्रस्ताव येतो. एक नवे औषध आहे, माणसांवरची त्याची चाचणी नुकतीच सुरू झाली आहे, तुम्ही त्यात भाग घ्याल का, असे त्यांना विचारले जाते. आज मी बोलणार आहे ते या रुग्णांविषयी. माझे म्हणणे एवढेच आहे, की अशा चाचणीच्या संमतीपत्रावर ज्या दिवशी सही होते, त्याच दिवसापासून त्या रुग्णाचे उपशामक उपचार, म्हणजे दुखणे आणि इतर त्रास कमी करून रुग्णाला व घरच्यांना आधार देणारी पॅलिएटिव्ह केअर, सुरू व्हायला हवेत. चाचणी संपण्याची वाट पाहू नये.

आधी ही चाचणी म्हणजे काय ते पाहू. नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो तो औषधाची किती मात्रा माणसाच्या शरीराला झेपते हा. औषध किती गुणकारी आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत अशी, की पहिल्या तीन रुग्णांना अगदी कमी मात्रा द्यायची, तिघांनाही ती सोसली तर पुढच्या तिघांना वाढवून द्यायची, आणि एखाद्याला गंभीर त्रास झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघांना घेऊन पाहायचे. म्हणजे चाचणीत जो आधी येतो त्याला मिळणारी मात्रा कदाचित उपयोग होण्याइतकी नसतेच. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने १९९१ ते २००२ या काळात झालेल्या ४६० चाचण्यांचा, म्हणजे जवळजवळ १२ हजार रुग्णांचा, आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गाठ लक्षणीय प्रमाणात आकसलेले रुग्ण शंभरात साधारण ११ होते, आणि औषधाच्याच विषारी परिणामाने दगावलेले दोनशेत एक. पुढे नवी औषधे आली तसे हे चित्र सुधारले. २०१३ ते २०१९ या काळात गाठ आकसण्याचे प्रमाण शेकडा १८ पर्यंत गेले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेली, रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारी पद्धत, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या देशात मान्य झाली, तिची सुरुवातही अशाच पहिल्या टप्प्यातून झाली होती. तेव्हा अशा चाचणीत जाणे म्हणजे जिवाशी खेळ, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मुळीच मान्य नाही. मात्र शंभरातल्या ८० हून अधिक जणांची गाठ आकसणार नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि ते घरात मोकळेपणाने बोलले जात नाही.

बोलले न जाण्याचे एक कारण आपल्या घरांतच आहे. मुलगा तपासणीच्या खोलीबाहेर डॉक्टरांना गाठतो आणि म्हणतो, ‘बाबांना काही सांगू नका, ते धसका घेतील.’ प्रेमापोटीच म्हणतो. एरवी हे झाकपाक करून काही दिवस निभावतेही, पण औषधचाचणीत ते चालत नाही. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार संमती रुग्णाने स्वतः, त्याला कळेल अशा भाषेत सारे समजून घेऊन द्यायची असते. आजार कोणता, औषध नवे का, त्रास काय होऊ शकतो, नको वाटले तर कोणत्याही क्षणी बाहेर पडता येते, हे सारे त्याला सांगावेच लागते. ज्या माणसाला आपला आजार कोणत्या थराला गेला आहे हेच ठाऊक नाही, त्याची सही कागदावर असली तरी तिला संमती कशी म्हणावी? हे अवघड बोलणे घडवून आणणे, रुग्णाला किती ऐकायचे आहे याचा अंदाज घेत ते पुढे नेणे, हे उपशामक उपचार करणाऱ्यांचे रोजचे काम आहे, आणि म्हणून त्यांनी सहीच्या आधी भेटलेले सर्वांत बरे.

दुसरी गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. चाचणीतल्या रुग्णाला बहुधा एक डायरी देतात. रोज गोळी किती वाजता घेतली, मळमळ झाली का, दुखले का, किती दुखले, हे त्याने त्यात लिहायचे असते. समजा, पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांच्या डायरीत प्रत्येक पानावर ‘त्रास नाही’ किंवा फार तर ‘थोडे दुखले’ असे वळणदार अक्षरात लिहिलेले असते. त्यांच्या पत्नीला बाजूला घेऊन विचारले, की कळते, रात्री दोननंतर त्यांना आडवे होता येत नाही, पाठीशी उशा लावून बसून ते उजाडण्याची वाट पाहतात. मग असे का लिहिले? कारण अशा बहुतेक चाचण्यांत हिंडताफिरता रुग्णच घेतात, आणि दुखणे वाढल्याचे सांगितले तर आपल्याला चाचणीतून काढून टाकतील, ही धास्ती त्यांच्या मनात बसलेली असते. ही भीती अगदीच निराधार नाही. गंभीर त्रास झाल्यास औषध थांबवावे किंवा कमी करावे लागते हे खरेच आहे. परंतु दुखणे लपवल्याने दुहेरी नुकसान होते. रुग्ण विनाकारण सोसत राहतो, आणि पुढच्या तिघांना मात्रा वाढवून द्यायची की नाही याचा निर्णय खोट्या नोंदींवर घेतला जातो.

उपशामक उपचार करणारा डॉक्टर किंवा परिचारिका चाचणीच्या चमूबाहेरची असते, रुग्णाला ठेवायचे की काढायचे हे तिच्या हातात नसते, म्हणून तिच्यापाशी रुग्ण खरे बोलतो. गाठीमुळे होणारे बरेचसे दुखणे तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनने आटोक्यात येते. साधी गोळी दर चार तासांनी, रात्री झोपमोड होऊ नये म्हणून निजताना दुप्पट, आणि पहिल्या दिवसापासून सोबत बद्धकोष्ठावरचे औषध, ही त्याची सर्वसाधारण पद्धत. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा. मात्र चाचणीतल्या रुग्णाच्या बाबतीत एक पथ्य काटेकोर पाळावे लागते. प्रत्येक चाचणीच्या आराखड्यात कोणती औषधे सोबत चालत नाहीत याची यादी असते. काही इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांच्या, चाचण्यांत स्टेरॉइडवर बंधने असतात, तर काही नव्या गोळ्यांबरोबर बुरशीवरची किंवा फिटची नेहमीची औषधे चालत नाहीत. म्हणून दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक आहे, आणि गावातल्या मेडिकलमधून परस्पर काही आणून देणे तर कटाक्षाने टाळावे.

हे सारे माझ्या मनचे नाही. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच उपशामक उपचारांचीही जोड मिळाली, त्यांचे दिवस अधिक बरे गेले, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले, आणि शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी होऊनही ते अधिक जगले, मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ८.९ ऐवजी ११.६ महिने. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या टप्प्यातील चाचणीच्या रुग्णांचा वेगळा उल्लेख करून त्यांना उपशामक उपचारांकडे पाठवावे असे सांगितले आहे.

आता आपल्या नाशिकपुरते. चाचणी मुंबईत असते आणि रुग्ण राहतो इथे. पहाटेची गाडी, कसारा घाट, दिवसभर ठरावीक वेळांनी रक्ताचे नमुने, आणि रात्री पुन्हा घर. त्रास मात्र बहुधा घरी, रविवारी, नाहीतर मध्यरात्री सुरू होतो. अशा वेळी इथल्या डॉक्टरांच्या हातात काहीच कागद नसतील तर तेही चाचपडतात. म्हणून सही करतानाच तिथल्या डॉक्टरांकडून एक पत्र मागून घ्यावे. त्यात चाचणीचे नाव, औषध, वर्ज्य औषधांची यादी आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक असावा. त्याची एक प्रत इथल्या डॉक्टरांना द्यावी आणि संमतीपत्राची आपली प्रत घरी जपून ठेवावी, कारण एथिक्स कमिटीशी, म्हणजे चाचणीतल्या रुग्णांच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीशी, संपर्क कसा साधायचा हे तिच्यावर दिलेले असते. चाचणीमुळे इजा झाल्यास तिचा उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क नियमांनी दिलेला आहे, तेव्हा इथे भरती व्हावे लागले तर त्याच दिवशी मुंबईला कळवावे आणि बिले ठेवावीत. मॉर्फिन प्रत्येक दुकानात मिळत नाही. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले, तरी आपल्या जवळ ते कुठे मिळते याची चौकशी आधी, दुखणे बेताचे असतानाच, जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडे करून ठेवावी.

आणि स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसून चाचणी थांबली, तर ‘आता पुढे कोणाकडे जायचे’ हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. त्या दिवशी नव्याने ओळख करून घेण्याइतके त्राण ना रुग्णात असते ना घरच्यांत. म्हणून पहिल्या तपासणीसाठी मुंबईला निघण्यापूर्वीच इथल्या उपशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांची एक भेट घ्यावी, आणि त्या भेटीला रुग्णासोबत, रात्री जो त्याच्या उशाशी जागा असतो, त्यानेही जावे. नमस्कार.