साठ डेसिबल कुठे ठेवायचे?

आज बोलायचं ठरलंय क्यूबिटच्या (क्वांटम संगणकातल्या बिटच्या) वाचनावर, म्हणजे रीडआउटवर. तिकडे येतोच. पण आधी खोलीतून फ्रिजच्या थंड तळाशी, क्यूबिटपर्यंत, सिग्नल घेऊन उतरणारी तार बघू, कारण गोंगाट तिथूनच शिरतो. बहुतेक आकृत्यांत या तारेवर एकच चौकोन असतो आणि आत लिहिलेलं असतं '६० डेसिबल'. हा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल घटवणारा भाग; दर १० डेसिबलला सिग्नल दहापट घटतो. या चौकोनाशी माझं जुनं भांडण आहे. किती डेसिबल, हे सगळे विचारतात. कुठे, हे कुणी विचारत नाही.

हिशेब वहीत मांडा. ट्रान्समॉन, म्हणजे आपला अतिसंवाहक क्यूबिट, ५ गिगाहर्ट्झचा धरू. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानात ०.२४ केल्विन. म्हणजे ३०० केल्विनच्या खोलीतून येणाऱ्या तारेत साधारण १२५० औष्णिक फोटॉन, हाच आपला गोंगाट.

सगळे ६० डेसिबल खोलीतच लावले तर? सिग्नल दहा लाखपट घटेल, गोंगाट मात्र तसाच राहील. अ‍ॅटेन्युएटर शोषतो तसा स्वतःच्या तापमानाचा गोंगाट ओततोही. ३०० केल्विनचा अ‍ॅटेन्युएटर पुन्हा १२५०च देणार.

बरं, सगळे तळाशी, २० मिलिकेल्विनला? गोंगाट छान उतरतो. पण वरून सरासरी १ मिलिवॅट सोडला, तर जवळजवळ सगळा तिथेच जिरतो. मिक्सिंग चेंबरला, म्हणजे फ्रिजच्या सगळ्यात थंड तळाला, त्या तापमानाला पेलतात फार तर काही दहा मायक्रोवॅट. फ्रिज तापलाच.

म्हणून वाटणी: ४ केल्विनला २०, १०० मिलिकेल्विनला २०, तळाशी २०. १२५०चे साडेबारा झाले, त्यात ४ केल्विनचे स्वतःचे सोळा मिळवा: एकोणतीस. पुढे ०.२९ अधिक ०.१. शेवटी ०.००४. उष्णता पाहा: ४ केल्विनला ०.९९ मिलिवॅट, जो तिथे सहज खपतो. मग १० मायक्रोवॅट. तळाशी जेमतेम ०.१.

प्रत्यक्षात हा आकडा बऱ्याचदा मिळत नाही. अ‍ॅटेन्युएटरचं अंग गार होतं, आतली रोधकाची पातळ फिल्म गरम राहते. त्याला ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या ठोकळ्यात घट्ट आवळा, कनेक्टर टॉर्क रेंचनेच कसा, आणि गार-गरमचे फेरे झाले की पुन्हा तपासा. खूण लक्षात ठेवा: टी-१ (क्यूबिट उत्तेजित राहतो तो काळ) उत्तम, पण एकोचा टी-२ (फेज टिकते तो काळ, एको पल्सने मोजलेला) त्याच्या दुपटीच्या आसपासही नाही, तर पहिला संशय रीडआउटच्या आवक तारेवर घ्या. क्यूबिट वाचायला त्याला जोडलेल्या रेझोनेटरमध्ये शिरलेला प्रत्येक भटका फोटॉन क्यूबिटची वारंवारता हलवतो.

पाच मिनिटांची चिठ्ठी आलीये, तेव्हा रीडआउट भराभर.

जावक तारेवर (क्यूबिटचं उत्तर वर आणणाऱ्या) अ‍ॅटेन्युएटर नको. सिग्नल आधीच मोजक्या फोटॉनांचा. आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारे) दोन-तीन, म्हणजे वरचा गोंगाट मागे फिरणार नाही. तिथून ४ केल्विनपर्यंत नायोबियम-टायटॅनियमची अतिसंवाहक केबल: सिग्नल गळत नाही, उष्णताही फारशी उतरत नाही. वर हेम्ट (कमी गोंगाटाच्या ट्रान्झिस्टरचा) अ‍ॅम्प्लिफायर, २ ते ४ केल्विन गोंगाटाचा. ७ गिगाहर्ट्झला तो सहा ते बारा फोटॉनांइतका भरतो. म्हणून त्याच्याआधी तळाशीच सुमारे २० डेसिबलचा पॅरामेट्रिक अ‍ॅम्प्लिफायर. त्याचा पंप, म्हणजे त्याला चालवणारा जोरदार सिग्नल, क्यूबिटकडे गळत नाही ना, हे स्वतंत्र तपासा.

खोलीतल्या सगळ्या उपकरणांना एकच १० मेगाहर्ट्झ संदर्भ द्या. नाहीतर फेज सरकते आणि वाचनाच्या आलेखावरचे शून्य-एकचे दोन ठिपके फिरत फिरत कड्या होतात. आयक्यू मिक्सर (पल्स हव्या त्या वारंवारतेवर नेणारा) वापरत असाल तर डीसी ऑफसेटने लोकल ऑसिलेटरची (मिक्सरच्या मूळ वाहक लहरीची) गळती दाबा, फेज आणि अँप्लिट्यूड जुळवून नको असलेला साइडबँड (वाहकाच्या दुसऱ्या बाजूची वारंवारता) दाबा. खोलीचं तापमान बदललं की दोन्ही पुन्हा करा.