यादी छापून येते तेव्हा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

आयोजकांनी पत्रिकेवर 'धर्मप्रधान समाजातील विचारस्वातंत्र्य' असा भारदस्त विषय छापलाय. फोनवर मी त्यांना सांगितलं होतं की मला चहावर बोलायचंय. त्यांना वाटलं, पाहुण्यांना भाषणाआधी चहा लागतो. तो मिळाला, फक्कड होता. पण मी म्हणत होतो तो चहा 4 ऑक्टोबर 1890 चा, पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधला.

तुमच्यातल्या निम्म्यांना हे प्रकरण तोंडपाठ असणार. तरी मी सांगणारच, कारण मला ते सांगायला आवडतं आणि माईक माझ्या हातात आहे.

मिशनने पुण्यातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. भाषणं झाली, मग चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते, तरुण गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांना वाईट वाटू नये म्हणून कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. मंडळी घरी गेली, जेवली, झोपली. धर्म जिथल्या तिथे होता.

मग आले गोपाळराव जोशी. आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. या गृहस्थांना कुठल्या खणात ठेवावं हे मला अजून उमगलेलं नाही. बायकोला शिकवायचं म्हणून जग अंगावर घेतलं आणि तिला जाचही काही कमी केला नाही. सनातन्यांची फजिती करायची की सुधारकांची, याबाबतीत त्यांनी कधी पंक्तिप्रपंच केला नाही. तर या गोपाळरावांनी तिथे हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. नुसती नावं! आणि ख्रिस्त्यांकडचा चहा म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचं प्रकरण, उभं राहिलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले, कोणाला किती प्रायश्चित्त याचा हिशेब झाला. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी त्यांच्या घरच्या कार्याला भटजी मिळायची पंचाईत झाली. टिळकांच्या घरी! रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी नव्हे, अडकलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. सुधारकांनी त्यांना धारेवर धरलं, खुद्द त्यांच्या पत्नी रमाबाईंना ते रुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी हेच रानडे हायकोर्टाच्या न्यायमूर्तींच्या खुर्चीवर बसले. म्हणजे सरकारदरबारी एवढा मोठा माणूस, आणि घराच्या उंबऱ्याशी एका कपापुढे हतबल.

आता माझं म्हणणं ऐका. चहा 4 तारखेला झाला, पण धर्म बुडाला तो यादी छापून आली तेव्हा. तोवर कोणाला काही पडलं नव्हतं. आपल्याकडे मनात काय वाटेल ते ठेवायची मुभा कायम होती. 'आमच्यात वेद आणि परलोक न मानणारे चार्वाकही होऊन गेले' असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं ते बहुतेक त्यांचं खंडन करणाऱ्यांच्या पोथ्यांतून, हे सांगायचं राहून जातं.

परमहंस सभेचंच बघा ना. 1849, मुंबई. दादोबा पांडुरंगांसारखे मोठे विद्वान त्यात. जात मोडायची, मूर्तिपूजा सोडायची. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पण सगळं दार लावून! सभासद हजार झाले की जाहीर करू, असा बेत होता म्हणतात. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला हा बेत फार जवळचा वाटतो. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटली आणि सभाच उठली. म्हणजे इथेही पुन्हा यादीच. पाव पचला, यादी पचली नाही.

आजही भाषण संपल्यावर एखादे काका हमखास जवळ येतात. आजूबाजूला बघून हळूच म्हणतात, 'तुमचं अगदी पटतं हो, पण आमचं नाव कुठे घेऊ नका.' पूर्वी मला अशांचा राग यायचा. हल्ली मी विचारतो, मुलीचं लग्न व्हायचंय का? बहुधा व्हायचंच असतं.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे'. मागच्या वर्षीच्या वक्त्यांना पंधराची आली होती, अशी माझी पक्की खबर आहे. असो.)

तर पत्रिकेवरचा विषय. विचारस्वातंत्र्य म्हटलं की आपण धाडसाच्या गोष्टी सांगतो. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली आणि ते डगमगले नाहीत, हे खरंच आहे. पण हेही लक्षात घ्या की त्यांची भाकरी मित्रांसह उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेतून येत होती, जातीच्या हातून नव्हे. र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली, त्याची किंमत त्यांनी जन्मभर मोजली. ज्याची मुलीची सोयरीक, बापाचे दिवसवार आणि दुकानातली उधारी एकाच जातगंगेच्या हातात आहे, त्याला 'निर्भय हो' म्हणणं स्वस्त आहे. त्याला आधी दुसरा दरवाजा हवा.

हे जोतीरावांनी ओळखलं होतं. सत्यशोधक समाज 1873 च्या सप्टेंबरात निघाला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय लग्न लागलं. मत मांडून ते थांबले नाहीत, लग्न लावायची सोय करून दिली. ओतूरला पाटलांनी असं लग्न लावलं, तर दक्षिणेसाठी जोशीबुवा कोर्टात! हायकोर्टाने यजमानाच्या बाजूने कौल दिला.

कायद्याचं पटकन सांगतो. 1872 चा विशेष विवाह कायदा म्हणत होता, लग्न करा, पण आधी लिहून द्या की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणी नाही. 1954 च्या कायद्याने ती अट उरली नाही, पण तीस दिवसांची नोटीस आहे आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याच्या नोटिशीचा फोटो मुलीच्या मामाच्या मोबाइलवर संध्याकाळच्या आत पोचला होता. गोपाळराव जोशींना आता छापखान्याची गरज उरलेली नाही.

बहिष्काराचं म्हणाल तर मुंबई राज्याने 1949 साली जातबाहेर टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 1962 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, कारण समाजाबाहेर काढणं हा पंथाच्या धर्मकारभाराचा भाग मानला गेला. व्यक्तीच्या विवेकाचं स्वातंत्र्य कलम 25 मध्ये, पंथाचं कलम 26 मध्ये. शेजारी शेजारी राहतात, पटत नाही. मग महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. त्यासाठी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने जातपंचायतींविरुद्ध गावोगाव फेऱ्या मारल्या. ते स्वतः तो बघायला राहिले नाहीत, 20 ऑगस्ट 2013 ला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

हमीद दलवाईंचं तर राहिलंच. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला तेव्हा त्यात सात बायका होत्या. दिवसाउजेडी, चेहरे उघडे. हजार होईपर्यंत थांबल्या नाहीत. त्यांच्यावर एक तास बोलायचं ठरवून आलो होतो, तो चहानेच खाल्ला.

दुसरी चिठ्ठी आली. तीस दिवसांची ती नोटीस रद्द करा असा एक अर्ज मी दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, वाचून बघा. प्रश्न आता विचारा, हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचाय.