बेटावरची विहीर

सोलापूर स्टेशनची ही पिवळी पाटी. खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. साडेचारशे मीटरच्या आसपास. प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशाचं सगळ्यात उंच ठिकाण पाच मीटरसुद्धा भरत नाही. समुद्र चढतोय, असे देश बुडणार, हे आपण ऐकतो. पण बुडायच्या कितीतरी आधी तिथलं प्यायचं पाणी जातं.

शहरातल्या एका शाळेची ही प्रयोगशाळा. काचेच्या पेटीत वाळू, वाळूत शाई घातलेलं निळं खारं पाणी. मधला उंचवटा म्हणजे बेट. आता मुलं झारीनं पाऊस पाडतायत. पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. काचेला लागून बिनरंगी पट्टा दिसतोय ना, प्रवाळबेटांवरच्या विहिरी त्याच्यावरच जगतात. गोडं पाणी समुद्राच्या पातळीवर १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटर असतं. केवढं वाटतं! पण हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी १ मीटर उतरली, की खालचं खारं पाणी ४० मीटर वर चढू शकतं.

ही नळी म्हणजे विहीर. सिरिंजनं उपसा सुरू. पहिलं पाणी नितळ. दुसरं नितळ. तिसरं निळसर.

‘बाई, खारं आलं!’

मालदीवच्या राजधानीत, मालेत, हेच झालं. उपसून उपसून जमिनीखालचं गोडं पाणी संपलं. आता समुद्राचं पाणी गोडं करून प्यायचं, आणि त्यासाठी लागणारं डिझेल बाहेरून विकत आणायचं. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पात आग लागली. लाखभर लोकांचे नळ कोरडे. भारतातून विमानानं पाणी गेलं. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आपल्या पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरूनच गेली. ती ज्यांनी पाहिली, त्यांना मालेतली पाण्यासाठीची रांग समजावून सांगावी लागणार नाही.

बाकी नुकसान मोठंच आहे. प्रशांत महासागरातल्याच किरिबाटी या देशात अळूसारख्या कंदाच्या खाचरांत खारं पाणी शिरतंय. २०१७ च्या ‘मारिया’ वादळानं डॉमिनिका या कॅरिबियन बेटदेशाचं वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त नुकसान केलं. जगाच्या धुरात या सगळ्या बेटांचा वाटा एक टक्काही नाही. धूर दुसऱ्यांचा आहे, कर्ज मात्र यांच्या डोक्यावर.

शाळा सुटली. पेटी खिडकीपाशी तशीच आहे. सकाळचा नितळ पट्टा आता नीट ओळखू येत नाही. एक मुलगी दप्तर पाठीला लावून परत आली आहे, झारीत उरलेलं पाणी बेटावर ओततेय.