हलगी चढते, गिटार उतरते

(सोलापूरचं होम मैदान, दुपार. रिकाम्या स्टेजवर वाद्यं मांडली जात आहेत.)

फेब्रुवारी सुरू झालाय. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली, पण मैदानात पाळण्यांच्या खुणा अजून दिसतात. स्टेजला छत आहे खरं, तरी पश्चिमेचं ऊन तिरकं आत येतं आणि नेमकं गिटारवर पडतं. गिटारवाला वैतागलाय. तार लावली की पाच मिनिटांत उतरते. पोलादी तार तापली की किंचित लांबते, ताण सैलावतो, सूर खाली जातो.

त्याच उन्हात, दोन पावलांवर, ड्रमरने हलगी मुद्दाम ठेवली आहे. कातडं तापलं की आवळतं, आवाज चढतो. मिरवणुकीच्या कडेला कागद पेटवून हलगी शेकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. सोलापुरात दुपारी काडेपेटीसुद्धा लागत नाही.

(जवळून: हलगीच्या कातड्यावर अंगठा फिरतो. एक टिचकी.)

गावात या बँडला आजही ‘गिटारवाली पोरं’ म्हणतात. पोरांनी पन्नाशी गाठली आहे. गायकाची दाढी पांढरी झाली, बास वाजवणारा गाण्यांची यादी चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाशी नेऊन वाचतो.

1991 साली उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांच्यासोबत एमटीव्ही. सिएटलकडचा तो नवा रॉक केबलवाल्याच्या कृपेने सोलापूरपर्यंत पोचला. ‘निर्वाना’ या बँडची गाणी या पोरांनी पहिल्यांदा ऐकली ती अशी. कडवं दबक्या आवाजात आणि ध्रुपद अंगावर धावून येणारं. त्यांना त्यात परकं काही वाटलंच नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत वाढलेल्याला हे रोजचं. लाइट गेली की माग थांबतात, गल्लीत शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते. लाइट आली की सगळे धोटे एकदम सुटतात आणि बोलणाऱ्याला ओरडावं लागतं.

बासवाल्याच्या घरात चादरीचे माग होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या चौकात कन्नड. मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत तालमी व्हायच्या. मागांच्या वर आवाज काढायचा तर हळू वाजवून भागणार कसं? या बँडचा मोठा आवाज तिथला आहे. कुणी त्याला बंडखोरी वगैरे म्हणतं. मला ती अडचणीतून लागलेली सवय वाटते.

मग पुणं आलं. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. बंद सभागृहांत मात्र हलगी कुणाला नको असायची, आणि त्यात आयोजकांचीही चूक नव्हती. चार भिंतींत तिचा आवाज आदळून परत येतो आणि गायकाचे शब्द खाऊन टाकतो. म्हणून कितीतरी वर्षं ती पेटीतच राहिली. आज ती स्टेजच्या मधोमध आहे.

(संध्याकाळ. गर्दी. पहिलं गाणं.)

उघड्या मैदानात आवाज जातो, तो परत येत नाही. परत येतात त्या टाळ्या, आणि त्या उशिरा येतात. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. स्टेजपासून 100 मीटरवर उभ्या माणसाला ड्रमचा ठोका जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. तो लगेच टाळी देतो, तिलाही परतायला तेवढाच वेळ. एकूण 0.6 सेकंद. गाणं मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत असेल, तर दोन मात्रांमधलं अंतर तेवढंच. म्हणजे शेवटच्या रांगेची टाळी पुढच्या मात्रेवर बरोबर बसते, आणि 50 मीटरवरच्यांची बरोबर दोन मात्रांच्या मध्ये पडते.

नवखा ड्रमर इथे फसतो. मधली टाळी ऐकून हात आखडतो, लय ढिली पडते, आणि सगळं मैदान त्याच्यासोबत ढिलं पडतं. हा गडी लेझीमच्या पथकात वाढलाय. लांबच लांब मिरवणुकीत पुढची रांग आणि मागची रांग एका क्षणाला कधीच वाजत नाही. आपल्या जवळच्या हलगीच्या ठोक्यावर पाय टाकायचा, कान मागे न्यायचा नाही. त्याचा चेहरा बघा. समोर हजार हात हलताहेत आणि हा बघतोय फक्त बासवाल्याच्या बोटांकडे.

तिसरं गाणं जमलं नाही, खरं सांगायचं तर. नवं आहे, लॅपटॉपवरचे आवाज आहेत, आणि लोक निवांत चहाकडे वळले. चौथ्याच्या आधी अंधारातून आरोळी आली, “ओ मालक, हलगी घ्या की!”

घेतली.

उघड्यावर गर्दी धरून ठेवायची विद्या या गावाला जुनी आहे. पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचेच. ब्राह्मण घरातला हा माणूस तमाशाच्या फडावर जाऊन उभा राहिला. तेव्हा माईक कुठला? कडवं शाहिराने म्हणायचं आणि ध्रुपद झीलकऱ्यांनी उचलून मागच्या माणसापर्यंत पोचवायचं. चौथ्या गाण्याला तेच झालं. ध्रुपद आलं तसा गायक माईकपासून मागे सरला, बाकीचे तिघे आणि सगळं मैदान गाऊ लागलं. गिटार किंचित उतरलेली होती. तेवढ्या आवाजात ते फक्त गिटारवाल्याला कळलं, आणि त्याने तोंड वाकडं केलं.

(घड्याळ: 9.50.)

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ते ठरलंय. हलगीलाही सूट नाही, रात्री वाद्यांनाही तोच नियम. म्हणून लोकांनी कितीही मागितलं तरी ‘अजून एक’ होणार नाही. पोलिसांची गाडी फाटकाशी येऊन थांबली आहे. हवालदार मोबाइलवर चित्रीकरण करताहेत.

दहाला पाच कमी असताना शेवटचा ठोका पडला. गायक आभार मानायला पुढे आला तेव्हा साउंडवाल्याची पोरं मागून वायरी गुंडाळू लागली होती. त्यातला एक जण अगदी अदबीने म्हणाला, “आण्णा, भाषण थोडक्यात घ्या. उद्या सकाळी अक्कलकोटला लग्न आहे, टेंपो भरायचाय.”