युरिया जातो कुठं?

हा वास ओळखला? पहाटे बंद गोठ्याचं दार उघडलं की नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात, तोच अमोनिया. म्हशीच्या मुतात युरिया असतो, तो शेणात मिसळला की काही तासांत गॅस होऊन सुटायला लागतो. आणि हेच, कुणाला पत्ता न लागता, आमच्या उसाच्या सरीत होतं.

ही बघा करवीर तालुक्यातली आमची सरी. कालच पाणी पाजलंय, वर दुपारचं ऊन, आणि आबा बादलीतनं युरिया फेकत चाललेत, वर्षानुवर्षं असंच. दाणा मुठीत धरला तर घामानं विरघळतो आणि हात गार पडतो, ओल्या मातीवर तर बघता बघता दिसेनासा होतो, मग वाटतं पिकानं खाल्लं! पण उघड्यावर राहिलेल्यातला बराच भाग हवेत जातो. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे जेमतेम २१ किलो, आणि पोतं २६६ रुपये ५० पैशाला, स्वस्त म्हणून हात सैल सुटतो.

हा अमोनिया गाड्यांच्या नि कारखान्यांच्या धुराशी जुळून बारीक कण होतो, छातीत खोल जाणारा. आणि सरीत पाणी तुंबलं की मातीतले जीवाणू नायट्रस ऑक्साईड सोडतात, कार्बन डायऑक्साईडपेक्षा २७३ पट तापवणारा. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं तर त्यातला नायट्रोजन पण धुरातच.

निमकोटेड आहे की, असं लोक म्हणतात. २०१५ पासून निंबोळी तेल लावलेलाच येतो हे खरं, पण निंबोळी मातीत गेलेल्या खताचं रूप बदलणं, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होणं, सावकाश करते, उघडा दाणा उडायचा ती थांबवत नाही.

ते उडणं थांबवायला दाण्यावर माती लागते, बस्स. ठिबक असेल तर विरघळवून थोडं थोडं सोडा, पाटपाणी असेल तर भरणीच्या वेळी टाकून लगेच माती चढवा. गोठ्यात मूत वेगळं वाहून जाईल अशी नाली काढा, गोबरगॅसची स्लरी उघडी साठवू नका, आणि पाचट तर सरीतच कुजू द्या, ओल टिकते.

आम्ही यंदा पहार घेतली. बुडख्यापासून चार-सहा बोटं लांब भोक पाडायचं, आत खत, वर टाचेनं माती दाबायची. आबा म्हणाले, "एवढा वेळ कुणाला हाय रं?" दुसऱ्या सरीला पहार त्यांच्याच हातात होती, मी मागनं खत टाकत होतो.